जिथं करण्यासारखं काहीच नाही असं हॉटेल

हॉटेलांबद्दल लोक काय काय लिहितात ते मी आठवडाभर मोबाईलवर वाचलं आणि माणसाच्या अकलेबद्दल होता नव्हता तो आदर संपला. एका गृहस्थांना टॉवेलचा हंस करून ठेवला नव्हता म्हणून आयुष्य व्यर्थ वाटलं होतं. एका बाईंनी नाश्त्याच्या पपईवर जेवढं लिहिलं होतं, तेवढं माझ्या वर्गातली पोरं सहामाहीच्या निबंधात लिहीत नाहीत. आणि फोटो! प्रत्येक पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. निजायच्या आधी तो कचरा झटकायचा कोणी, हे एकाही फोटोत नाही.

हे सगळं मी वाचत होते ते आईपायी. आई पंच्याहत्तर वर्षांची होणार होती, निदान आधार कार्डाच्या हिशेबानं. कार्ड काढताना तिला फक्त साल सांगता आलं, तेव्हा मशीनवरच्या माणसानं एक जानेवारी टाकून मोकळं केलं. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्याच दिवशी जन्मलेली आहेत. माझ्या पाठच्या दोन्ही भावांना ती तारीख भलतीच आवडली, कारण तेव्हा पोरांना सुट्टी काढता येते आणि त्यांना स्वतःला नवीन वर्षाचा धिंगाणाही घालता येतो. थोरला वाशिमजवळच्या मालेगावात खतं-बियाणं विकतो, आई त्याच्याकडे असते. धाकटा वाशिमला कंत्राटं घेतो, कसली ते तोच जाणे. दोघांनी परस्पर ठरवलं की पंच्याहत्तरी हैदराबादला करायची. मोबाईलवर घरच्यांचा ग्रुप काढला, त्यावर फुलांच्या चौकटीत आईचा फोटो लावला. आईला काय हवं ते विचारायचं राहून गेलं, इतकं काम होतं बिचाऱ्यांना.

मी अनसिंगला शाळेत शिकवते. एका रविवारी मालेगावला गेले आणि आईला विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"मले कायचं हैदराबाद," ती म्हणाली. "मले एक दिवस अशा जागी ने वं, जिथं मले कोनी काही मांगनार नाई. चहा दे, टॉवेल दे, माही बीपीची गोयी कुठी हाये, लसून संपला काय. एकच दिवस. मंग तुमी म्हनसान तिथं येतो."

तक्रार म्हणून नाही, दुकानात जाऊन साखर मागावी तसं तिनं हे सांगितलं. आईनं कधी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मला भरून आलं, आणि लगेच भावांचा संतापही आला. हॉटेल मी निवडणार, असं मी जाहीर करून टाकलं. "ताई शिकेल हाये, पाहू दे तिले," असं म्हणून दोघांनी परवानगी दिली. किती उपकार!

एकतीस डिसेंबरच्या आसपास हैदराबादच्या हॉटेलात शांतता शोधणं म्हणजे शुद्ध येडेपणा. जिथं तिथं नाच, दिवे आणि सक्तीचं जेवण. एका ठिकाणी मी फोन करून विचारलं, म्हातारं माणूस आहे, आवाज किती असतो? तर तो पठ्ठ्या मोठ्या अभिमानानं म्हणाला, मॅडम, बेसमेंटपासून गच्चीपर्यंत ऐकू येतो. मी अजून शोधत राहिले. शेवटी एका गल्लीतलं जुनं हॉटेल सापडलं. फोटोत साधा पलंग, एक खुर्ची, खिडकीबाहेर कडुनिंब. खाली कोणीतरी चिडून लिहिलं होतं: इथे करण्यासारखं काहीच नाही. पार्टी नाही, पोहायचा तलाव नाही, दिवसभर खोलीत पडून राहा, कोणी ढुंकून विचारत नाही. त्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा असं मला वाटलं. मी हॉटेलचं नाव ग्रुपवर टाकलं.

पण पैसे थोरला भरणार होता, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"ताई, तुह्यं हॉटेल सोड. मी जबरदस्त जागा घेतली. तीन खोल्या, मोठा हॉल, आन् किचन हाये! गॅस, तवा, समदं हाये!"

लोक समुद्र दिसतो म्हणून सांगतात त्या आवाजात त्यानं किचन म्हटलं.

"कोनासाठी?" मी विचारलं.

"मायसाठीच ना! तिकडं इडली-भात, तिले चालते काय? तिले भाकर लागते."

"आन् ते भाकर कोन थापन?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्याला खरोखर कळला नाही. आमच्याकडच्या पुरुषांची अशी पक्की समजूत आहे की भाकर तव्यावर आपोआप उगवते, आणि आई तिथं शेजारी हवा खायला बसलेली असते. मी पुष्कळ आदळआपट केली. धाकटा म्हणाला, ताईले समद्यातच खोट दिसते.

निघालो तेव्हा वाशिमच्या फलाटावर आमचं सामान पाहून एखाद्याला वाटलं असतं, हे लोक बिऱ्हाड हलवून राहिलेत. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लसूण, आणि जबरदस्त किचनमध्ये परात नसली तर म्हणून एक परात. ती परात रात्रभर थोरल्यानं बर्थखाली पायानं दाबून धरली होती. आईसाठी एवढं कोण करतं!

एक तारखेच्या सकाळी भावजया पोरांना घेऊन बांगड्यांच्या बाजारात गेल्या. मी अंघोळ करून बाहेर आले तर आई नवं लुगडं नेसून ओट्यापाशी उभी. दोन्ही भाऊ हॉलमधल्या सोफ्यावर, मांडीवर ताटं. धाकटा मोबाईल धरून बोलत होता, "पाहा मंडळी, हैदराबादमधी मायच्या हातची गरमागरम भाकर! बड्डे स्पेशल!" थोरला तोंडात घास धरून ओरडला, "माय, अजून एक येऊ दे. आन् ठेचा नाई केला काय?"

मी आत गेले. आईचे हात पिठानं भरलेले, कपाळावर घाम. मला पाहून ती हसली.

"हा आजचा वाढदिवस कायचा वं," ती भाकर फिरवत म्हणाली. "मी तं महालक्ष्म्याच्या जेवनाच्या दिवशी झाली. माही माय सांगे."

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. भाद्रपदात गौरी-महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस म्हणजे आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळ्या. सगळी भावकी पंगतीला. आई पहाटेपासून चुलीसमोर, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. लग्न झाल्यापासून दर वाढदिवशी हेच. आणि मशीनवाल्यानं चुकून दिलेल्या या फुकटच्या वाढदिवशीही तेच, फक्त शहर वेगळं.

मी गॅस बंद केला. आईचे हात नळाखाली धरले, धुतले, पुसले, आणि तिची पिशवी उचलली.

"अवं, कुठी चालली तिले घेऊन?" थोरला उठला. "केक येऊन राह्यला ना!"

"उरलेल्या भाकरीवर मेनबत्ती लाव," मी म्हणाले. "आन् पुढच्या भाकरीचं पीठ तू मय."

तो हातातल्या घासाकडे बघत राहिला. त्याला अजूनही वाटत होतं की माझं काहीतरी बिनसलं आहे.

रिक्षानं आम्ही त्या गल्लीतल्या हॉटेलात गेलो. खोली रिकामी होती. जिथं करण्यासारखं काही नाही तिथं नवीन वर्षाला कोण मरायला येतं! खोली फोटोत होती तशीच होती, याचंच मला अप्रूप वाटलं. आईनं चादरीवरून हात फिरवला, उशी दाबून पाहिली, मला दोनदा विचारलं, "दार लावलं ना?" मग ती भिंतीकडे तोंड करून निजली.

मी दोघींचे मोबाईल बंद केले आणि खुर्ची ओढून बसले. ती तोंड उघडं टाकून झोपली होती. दुपारी घरात ती लवंडते तेव्हा तिचा एक कान दाराकडे असतो, कोणी हाक मारली की ती उठून बसलेलीच असते. इथे कोणी हाक मारली नाही. दुपार टळली, कडुनिंबाची सावली भिंतीवर सरकत गेली आणि ती हललीसुद्धा नाही. मला फार आनंद झाला. दोन्ही भावांना नाक घासायला लावावं इतका आनंद झाला.

ऊन उतरल्यावर ती जागी झाली, आणि तेवढ्यात उशाशी असलेला खोलीतला फोन वाजला. मी उठायच्या आत तिनं तो घेतला. खाली काउंटरवर एक मुलगी होती, तिचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला.

"माँजी, आपको कुछ चाहिए?"

आईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं सांगितलं, सांग, काहीही सांग, चहा, भजी, वाटेल ते. ती विचार करायला लागली. खूप वेळ केला. पलीकडची मुलगी थांबली होती.

"कुछ नई लगता वं माय," शेवटी आई म्हणाली. "तूने खाया क्या?"

पलीकडून हळू आवाजात दोन-चार शब्द आले. आईनं रिसीव्हरवर तळहात ठेवला.

"सकायपासून उपाशी हाये म्हनते पोरगी," ती मला म्हणाली, आणि पाय खाली सोडून पलंगाखाली चपला शोधायला लागली.