फ्लॅपमास्तरांनी फुल मागितला

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, विमानाचे कॅप्टन. पण गेली अठरा वर्षं नव्या-जुन्या पायलटांना ते एकच धडा इतक्या वेळा शिकवत आले की कंपनीत त्यांचं नावच फ्लॅपमास्तर पडलं. लोक आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावरही म्हणायला लागले. मास्तरांना राग यायचा नाही, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. आता ते स्वतःच सांगतात, की पहिली गुदगुली झाली तेव्हाच कुणीतरी कानाखाली एक वाजवायला हवी होती.

धडा तसा सोपा. विमानाच्या पंखांना मागच्या कडेला पट्ट्या असतात, त्यांना म्हणतात फ्लॅप. त्या खाली सोडल्या की विमान कमी वेगातही हवेत तग धरतं, पण तितकीच हवा त्याला मागेही ओढते. रोज उतरताना पट्ट्या पूर्ण सोडतात. त्याला फुल म्हणायचं; त्याआधीच्या पायऱ्या म्हणजे एक, दोन, तीन. पण उडाल्या उडाल्या काही बिघडलं आणि लगेच परत यायची वेळ आली, तर टाक्या गच्च भरलेल्या असतात आणि विमान जड असतं. त्यात एक इंजिन बंद असेल तर फुल सोडायचा नाही, तीन नंबरवर थांबायचं. कारण ऐन वेळी उतरणं रद्द करून पुन्हा वर जावं लागलं, तर फुल फ्लॅप सोडलेलं जड विमान एका इंजिनावर वर चढायला राजीच होत नाही. संपला धडा. दोन मिनिटांचा आहे. मास्तर तो दोन तास शिकवायचे.

घरीही सुटका नव्हती. गाडी सिग्नलवरून सुटली की खिडकीबाहेर तळहात काढून, तो तिरपा करून दाखवायचे. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला सांगून घरी आली, की एका माणसाने तरी ते बंद ठेवावं एवढीच तिची इच्छा असायची. "अहो, हात आत घ्या, मागून ट्रक येतोय," एवढंच म्हणायची. पाहुणे आले आणि मास्तरांनी घसा खाकरला, की तीच पटापट सगळा धडा म्हणून मोकळी व्हायची. मास्तरांना म्हणायला काही उरायचंच नाही.

कॉकपिटमध्ये अशा परतीसाठी एक कागद ठेवलेला असतो, काय काय करायचं त्याचा. तोही मास्तरांनीच लिहिलेला. त्यातल्या 'फुल नको, तीन' या ओळीखाली रेघ मारायची की नाही, यावर त्यांनी ऑफिसशी पाच महिने वाद घातला होता आणि शेवटी रेघ मिळवली होती. त्या रेघेचा टेंभा ते वर्षभर मिरवत होते. त्यातून प्रशिक्षणप्रमुखाची जागा रिकामी झाली होती, शुक्रवारी निवड होती आणि नाव जवळजवळ त्यांचंच ठरलं होतं. मास्तर नवीन केबिनमध्ये टेबल खिडकीकडे लावावं की दाराकडे, इथपर्यंत येऊन पोचले होते.

आणि मंगळवारी सकाळी दहाला, एकशे अडुसष्ट प्रवासी घेऊन विमान उडालं. चाकं आत जातायत तोवर उजव्या इंजिनात पक्षी गेले. दणका बसला, जळका वास आला, इंजिन बंद करावं लागलं. शेजारी को-पायलट होती. दहा वर्षं बँकेच्या काउंटरवर काढून मग या धंद्यात आलेली, चाळिशीला टेकलेली, अगदी मितभाषी बाई. तशीही मास्तरांसमोर बोलायची कुणाची सोय नव्हती. कुणी शंका काढली की ते चष्म्यावरून असे बघायचे, की विचारणाऱ्याला आपली शंका गपचूप परत घ्यावीशी वाटायची.

मास्तर घाबरले नाहीत. तिथेच तर घोळ झाला. घाबरले असते तर कागद नीट ऐकला असता. को-पायलट कागद मोठ्याने वाचत होती आणि मास्तर मनात म्हणत होते, अगं, कुणाला वाचून दाखवतेस, मीच लिहिलाय. विमान वळलं, धावपट्टी समोर आली, चाकं खाली आली. फ्लॅप एक, दोन, तीन झाले. कॅप्टनने मागायचं आणि को-पायलटने फ्लॅपची दांडी सरकवायची, अशी पद्धत असते. तीस वर्षं रोज तीननंतर जे तोंडातून निघत आलं, तेच निघालं.

"फ्लॅप फुल," मास्तर म्हणाले.

दांडी हलली नाही. को-पायलट म्हणाली, "सर, तीन."

मास्तरांना वाटलं, हिने ऐकलं नाही. म्हणून त्यांनी आवाज चढवून पुन्हा फुल मागितला. तरी दांडी जागची हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच हात पुढे केला. तिने दांडी तळव्याखाली धरून ठेवली होती. मास्तरांचा हात तिच्या हातावर पडला. "नाही सर," ती म्हणाली. "तीनच."

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी हात मागे घेतला.

जमीन तीनशे फुटांवर आली आणि टॉवरमधून हुकूम आला, उतरू नका, वर जा. झालं असं, की मेलेले पक्षी उचलायला धावपट्टीवर जीप गेली होती आणि ती मधोमध बंद पडली होती. मास्तरांनी उरलेल्या एका इंजिनाला होती तेवढी ताकद लावली. विमान आधी थबकल्यासारखं झालं, मग कुरकुरत, फूट फूट करत वर चढायला लागलं. समोर घरं होती. एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवरच्या फुलांचे रंग मास्तरांना मोजता आले. फुल फ्लॅप असता तर त्या चादरी विमानातच आल्या असत्या, आणि हे त्या घडीला जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला तीनवरच उतरले, ब्रेक तापून लाल झाले, प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. दारात एका आजोबांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. मास्तरांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारी दोघांनी आपापला अहवाल लिहून दिला. मास्तरांनी तीनदा फाडून चौथ्यांदा खरं ते लिहिलं. फुल मागितला, दोनदा मागितला, तिने दिला नाही. संध्याकाळी ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेब त्यांचे एकाच तुकडीतले मित्र. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. को-पायलटच्या कागदावर लिहिलं होतं, कॅप्टननी तीन मागितला, मी तीन दिला.

"सगळ्यांचं लक्ष पक्ष्यांकडे आणि जीपकडे आहे," साहेब म्हणाले. "फ्लॅपचं कुणी विचारणार नाही. तुझा कागद फाड. शुक्रवार जवळ आलाय."

मास्तर कागद हातात घेऊन बाहेर आले. खोटं कशाला बोलायचं, जिन्यावरच त्यांना बरं वाटायला लागलं होतं. पोरीने आपली लाज राखली. एवढी वर्षं शिकवलं त्याचं चीज झालं, माणसं जीव लावतात आपल्याला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, असं ते आता कपाळावर हात मारून सांगतात.

को-पायलट क्रूच्या खोलीत कॉफीच्या मशीनशेजारी बसली होती. कॉफी कधीच गार झाली होती. मास्तरांनी आवाज शक्य तितका मायाळू करून विचारलं, की माझ्यासाठी खोटं का लिहिलंस?

तिने कप बाजूला सारला. "वर मरायची भीती होती, सर," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला 'नाही' म्हणता आलं. खाली आल्यावर परत तुमचीच भीती."

मास्तर समोरच्या खुर्चीत बसले. अठरा वर्षांत किती जणांनी आपल्यापुढे कसली कसली दांडी मुकाट्याने सरकवली असेल, हा हिशोब त्यांना करवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि शुक्रवारची जागा गेली हे त्यांना तिथेच कळलं. त्यांनी हातातला कागद तिच्यासमोर ठेवला, मशीनजवळच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद काढून दिला आणि नवीन अहवाल लिही म्हणाले. जे झालं ते, जसं झालं तसं.

ती लिहायला लागली. अर्ध्यावर येऊन थांबली आणि तिने मान वर केली.

"तुम्ही हात ठेवलात, तेही लिहू?"

"किती वेळ होता?"

"चार-पाच सेकंद. जोर होता, सर."

"जोर होता, तेही लिही," मास्तर म्हणाले.