आवरून थांबणारा प्रोग्राम

बायको गेली आणि घरात बसवेना. मी खोडाळ्याहून जीपनं जव्हारला जायचो. तिथं लेक कॉम्प्युटरचा क्लास चालवायची, त्यात एका खुर्चीत दिवसभर बसायचो. शिकलोय तिसरीपर्यंत, पडद्यावरचं काय कळणार!

पेरणी तोंडावर आली होती. रोपांसाठी राबाची जमीन भाजून तयार होती. पण नागलीचं बी बायकोनं कणगीत भरून शेणानं लिंपलेलं. जिनं लिंपलं तिनंच फोडायचं, ही आमच्या घरची रीत. मी कुणाला हात लावू देईना. रान पडीक राहिलं तरी चालेल, म्हणायचो.

लेक एका शाळेसाठी परीक्षेच्या मार्कांचा प्रोग्राम करत होती. तिथल्या एका मास्तरांनी तो मधेच बंद केला, नंतर चालू होईना. ‘आत कोणीतरी काम करतंय’ असंच दाखवी.

“कोण आहे आत?” मी विचारलं.

“कोणी नाही बा. दोघांनी एकदम मार्क बदलू नयेत म्हणून चालू होताना तो कुलूप लावतो. थांब म्हटल्यावर तसाच मेला, कुलूप राहिलं.”

“मग शिकव त्याला. हाक मारली की तुझी आय काय म्हणायची? आवरते नि येते.”

ती हसली. “तेच शिकवते. हाक आली की फाईल बंद कर, कुलूप काढ, मग थांब.”

तिनं लिहिलं, स्वतः थांबवून बघितलं. झकास चाललं. आणि दुपारी लाईट गेली. आली तर परत तेच, आत कोणीतरी आहे!

“वा! चांगला शिकवलास.”

“लाईट गेली बा. त्याला हाक ऐकूच आली नाही.” मग म्हणाली, “आयसारखं.”

बायको दळता दळता आडवी झाली ती उठलीच नव्हती. पीठ जात्यातच राहिलेलं.

“मग यावर इलाज?”

“पुढच्यानं बघायचं, कुलूप लावणारा जिवंत आहे का. नसला तर आपण काढायचं. त्याचा अपमान नाही होत त्यात.”

रविवारी ती घरी आली तेव्हा कोयत्याच्या मुठीनं कणगीचं लिंपण मीच फोडलं. राखेत कालवलेलं बी चांगलं होतं, एक किडा नाही. पेरणीपुरतं काढलं.

“बाय, उरलेलं तू लिंप.”

“मग पुढच्या साली फोडायला मीच यायचं?”

“तर काय. रीत आहे.”

ती शेण आणायला गेली.