अनिसेतोने दिलेलं रक्त

अनिसेतो चुंगा आमच्या गल्लीत एकवीस वर्षं राहिला. चिंबोते बंदराच्या धक्क्यावर फाटलेली जाळी दुरुस्त करायचा. बोलणं कमी, हात चपळ.

एका वर्षी पडून माझा खुबा मोडला. शस्त्रक्रियेआधी इथल्या नियमाप्रमाणे रक्तपेढीला दोन रक्तदाते आणून द्यायचे होते. एक पुतण्या मिळाला. दुसरा शोधत होते, तोच अनिसेतो दारात उभा राहिला.

"मावशी, मी येतो."

त्याच्यासोबत आलेला धक्क्यावरचा फाउस्तो खिदळला, "सुई बघून पळणारा तू! एवढा पुण्यवान कधीपासून झालास रे?"

अनिसेतो हसला नाही. माझ्या रोजनिशीत नऊ मेच्या पानावर आहे : 'न मागता आला. देव त्याचं भलं करो.'

खरं काय ते त्याने जुलैत सांगितलं. सत्तावीस एप्रिलला तो खलाशांबरोबर प्यायला आणि एका अनोळखी बाईकडे गेला. निरोध वापरला नाही. दुसऱ्या दिवसापासून भीतीने त्याचं जेवण सुटलं. पाठदुखीचं निमित्त करून तो बायकोपासून, नेलिदापासून, वेगळा झोपू लागला. आरोग्य केंद्रात जायची सोय नव्हती. तिथे खिडकीवर नेलिदाची मैत्रीण, नावं मोठ्याने पुकारणारी. धक्क्यावरचे लोक सांगायचे, रक्त दे, फुकटात तपासून मिळतं, कोणी काही विचारत नाही.

पण रक्तपेढीत विचारलं, "अलीकडे कुणाशी नवा संबंध?" तो नाही म्हणाला. रक्त निर्दोष निघालं. पाठदुखी बरी झाली.

मेच्या अखेरीस ताप आला, मानेला गाठी आल्या. परगावी जाऊन पुन्हा तपासलं. एचआयव्ही.

"बारा दिवसांत दिसतच नाही म्हणे, मावशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"नेलिदाला सांगितलंस?"

"काल. घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. उद्या तिची तपासणी."

मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी रक्त दिलं ती तारीख तुमच्या वहीत असेल ना? ते कोणाला चढवलं, बघायला हवं."

मलाही दोन पिशव्या चढवल्या होत्या. म्हणूनच तो माझ्याकडे बघत नव्हता.

"खोटं बोललास, हेही सांगावं लागेल."

"तेच आधी सांगेन."

मी तारीख लिहून दिली आणि काठी घेऊन त्याच्याबरोबर रक्तपेढीकडे निघाले. रांगेत सहा माणसं होती. नंबर आल्यावर अनिसेतो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नऊ मेला मी इथे खोटं बोललो."

खिडकीतली बाई आत गेली. डॉक्टर आले. त्यांनी नोंदी काढल्या, बराच वेळ चाळल्या. त्याची पिशवी मला चढवलेली नव्हती. ती एका बाळंतिणीला गेली होती, वय एकोणीस. मला हायसं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

"आम्ही तिला आजच बोलावतो," डॉक्टर म्हणाले.

"तिचं नाव काय?" अनिसेतोने विचारलं.

त्यांनी सांगितलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी नोंदवही मिटली.