गोठ्यातलं चित्र

आमचं घर ओहोळाच्या अलीकडे आणि गोठा पलीकडे, उंचवट्यावर. तिथं आमची नागलीची जमीन संपते आणि सिद्धगडाकडचं रान लागतं. चालत जायला फार वेळ लागत नाही, पण हाक मारायला छाती लागते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, सासरे गोठ्यातच निजायचे. सकाळी घरी येऊन न्याहारी करायची, दुपारची भाकरी फडक्यात बांधून घ्यायची आणि परत. घरात त्यांना झोप यायची नाही. "भिंती लय जवळ हायत," म्हणायचे.

त्यांची खबर कळायची ती हाळीनं. दिवेलागणीला ते गोठ्याच्या दारात उभे राहून "होऽऽय" अशी लांब हाळी द्यायचे आणि सासूबाई मागच्या दारातून "ओऽऽ" करायच्या. बस. मी ठीक आहे, गुरं बांधली, जेवण पाठवा, सगळं त्यात आलं. गावात कुणाचाही माणूस रानात राहिला की हीच रीत. हाळी आली नाही तर चुलीवरचं खाली उतरवायचं आणि बघायला जायचं. मी खर्डीची, टेसनाजवळची. आमच्याकडे माणूस फोन करतो. पहिल्यांदा हा प्रकार ऐकला तेव्हा मी फिदीफिदी हसले होते. सासूबाई म्हणाल्या, "हस गो हस. फोनला रेंज लागते, घशाला नाय लागत."

मग एका हिवाळ्यात पलीकडच्या पाड्यातलं वासरू बिबट्यानं उचललं. गोठ्याच्या मागं, ओल्या मातीत, पंजे उमटलेले दिसले. माझी तर पाचावर धारण बसली. माझा नवरा मुरबाडला कंपनीत जातो, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. त्याचं बापाच्या हातापाया पडून झालं, भांडून झालं. सासरे हलायला तयार नाहीत. "गुरं वाघराला देऊ आनि मी घरात टीव्ही बघू?" शेवटी नवरा म्हणाला, "मग तिथं कॅमेरा लावतो. तुमी दिसत राहिलात तरी आमाला झोप लागेल." यावर त्यांनी नुसती भाकरी फडक्यात बांधून घेतली, म्हणजे कबूल.

घरी वायफाय होतंच. गोठ्यावर मोटारीसाठी घेतलेली लाइटही होती. चैत्रात मुरबाडच्या बाजारातला वायफायवाला आला. जाडजूड, घामाघूम, बोलायला गोड. त्यानं दोन पांढरे डबे काढले. एक आमच्या गच्चीवर, एक गोठ्याच्या आढ्याला. मधे वायर नको, खांब नको. घरचं वायफाय हा डबा समोरच्या डब्याकडे फेकणार आणि तो तिकडे कॅमेऱ्याला देणार. "फक्त दोघं एकमेकांना समोरासमोर दिसले पाहिजेत. मधे काय आडवं यायला नको," तो म्हणाला.

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. काय आडवं येणार? मधल्या बांधावर ऐनाची झाडं होती, पण ती सासऱ्यांनी माघातच छाटली होती. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी जमीन भाजतात. झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, वाफ्यावर पसरून पेटवायच्या, त्याला राब म्हणतात. छाटलेला ऐन म्हणजे नुसता खुंट. गच्चीवरून गोठ्याचं दार दिसत होतं, दाराला टेकवलेली काठीसुद्धा दिसत होती. "मग घोडं कुठं पेंड खातंय?" नवरा म्हणाला. जन्म शेतात काढलेली माणसं तिथं उभी होती, सासरे, सासूबाई, शेजारचे चुलत दीर. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

स्वयंपाकघरात फडताळावर, पिठाच्या डब्याला टेकवून, नवऱ्यानं आपला जुना फोन ठेवला. त्यात दिवसभर गोठा दिसायचा. कॅमेरा आतल्या कोपऱ्यात, दाराकडे तोंड करून. म्हणजे सासऱ्यांची बाज, बाजूला गाय आणि दारातून बाहेरचं अंगण. सासूबाईंना तर खूळच लागलं. भाकऱ्या थापताना एक डोळा तव्यावर, एक फोनवर. "बघ गो, पान खातायत. घरी म्हनतात, सोडलं!" आणि खुदुखुदु हसायच्या.

आठ-पंधरा दिवसांत सासरेही रुळले. दिवेलागणीला कॅमेऱ्याकडे वळून हात वर करायचे. सासूबाई चुलीपाशी बसून फोनकडे बघत आपला हात वर करायच्या. सासऱ्यांना काही तो दिसायचा नाही, पण त्या करायच्या. हाळी कधी बंद झाली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिसतंय तर घसा कशाला फाडायचा?

आषाढात चित्र तुटायला लागलं. चौकोन चौकोन व्हायचं. सासऱ्यांचं डोकं एका जागी, धड दुसऱ्या जागी. मला ते बघवायचं नाही, मी फोन पालथा घालून ठेवायचे आणि सासूबाई तो परत सुलटा करायच्या. मग चित्र अडकायला लागलं. मधोमध एक चक्र फिरत राहायचं आणि पुष्कळ वेळानं माणूस हलायचा. नवऱ्यानं वायफायवाल्याला फोन केला. "पावसाळ्यात होतं हो साहेब. दिवाळीला येऊन बघतो." नवऱ्यानं गच्चीवर जाऊन डबा पुसला, हलवला, छत्रीचं कापड बांधलं. समोर सगळं हिरवंगार होतं. पावसाळ्यात हिरवं नसणार तर काय असणार? त्यात बघायचं काय, असं कुणालाही वाटलं असतं.

चक्राची आम्हाला सवय झाली. मी मात्र तो अडकलेला माणूस बघितला की म्हणायचे, हा श्वास घेतोय का? सासूबाई चिडायच्या. "वाईट बोलू नको गो तिन्हीसांजेची."

श्रावणातला सोमवार होता. नवरा दिवसपाळीला. दुपारी पाऊस लागला तो थांबेच ना. सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. फोनमध्ये नेहमीचं चक्र आणि त्यामागं सासरे बाजेवर पाठमोरे बसलेले, डोक्याला टॉवेल, शेजारी गाय. आणि अंगणात लख्ख ऊन. मी म्हटलं, "आई, तिकडे ऊन दिसतंय."

"श्रावण हाय. ओहोळापल्याड ऊन, अल्याड पाऊस. नवीन काय त्यात?"

खरंच नवीन काही नव्हतं. श्रावणात असंच असतं. मी चहा टाकला. दुधाचं भांडं घ्यायला मागच्या दाराशी गेले, तर पत्र्याखाली कुणीतरी उभं होतं. मी दचकले. गाय होती. आमचीच, एका शिंगाची. नखशिखांत भिजलेली, गळ्यातलं दावं चिखलातून ओढत आणलेलं. माझ्याकडे बघत होती.

मी वळून फडताळाकडे बघितलं. फोनमध्ये तीच गाय, तेच एक शिंग, सासऱ्यांच्या शेजारी उन्हात कोरडीठाक उभी होती.

माझ्या अंगावर असा काटा आला, आत्ता सांगतानाही येतो. मी नुसतं बोट दाखवलं, आधी दाराकडे, मग फोनकडे. सासूबाईंनी गाय बघितली. फोन बघितला. मांडीवरचं सूप पडलं, वाल घरभर झाले. "अगो बाय माझे," एवढंच म्हणाल्या आणि तशाच पावसात धावत सुटल्या. मी शेजारच्या दिरांना हाका मारत त्यांच्या मागं.

ओहोळ कमरेएवढा आला होता. दिरांनी आम्हाला हाताला धरून काढलं. सासूबाई पूर्ण वाट हाळी देत होत्या. "होऽऽय! होऽऽय!" कितीतरी महिन्यांनी. समोरून काही आलं नाही. माझ्या डोक्यात बिबट्या, बिबट्या आणि बिबट्याच.

बिबट्या नव्हता. सासरे पेंढा काढायला माळ्यावर चढले होते, शिडी सटकली आणि दाराच्या तोंडाशी पडले. खुबा मोडला. दाराच्या तोंडाशी! तिथून चार हात सरकले असते तर बाहेरच्या पायवाटेवर आले असते. त्या वाटेनं बायका भातातलं तण काढून, बेणणी उरकून घरी जात होत्या. एक हाळी दिली असती तरी आल्या असत्या. पण ते बाहेर सरकले नाहीत. तो मोडलेला खुबा ओढत ते उलटे आत गेले होते, कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर. शेणातून गेलेला ओढल्याचा पट्टा आम्ही बघितला. ते उताणे पडून होते आणि त्यांचा हात वर होता. आम्ही आत आलो तरी ते आमच्याकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याकडे बघत होते.

"हात करतोय, करतोय," ते म्हणाले. "दिसलो नाय का रे कोनाला?"

सासूबाईंनी त्यांचा हात धरून खाली घेतला, तर तो थंडगार लाकडासारखा.

झोळी करून आणलं, जीपनं कल्याणला नेलं. जीव वाचला. नवरा हॉस्पिटलातून आला तो थेट गच्चीवर गेला. मी पण गेले. गोठा दिसतच नव्हता. ऐनाला नवी पानं फुटून तिथं हिरवी भिंत उभी राहिली होती, पावसानं जड झालेली. दरवर्षी फुटतात. आम्हाला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? त्यानं कोयता घेतला आणि भर पावसात रडत, शिव्या घालत ते ऐन तोडले. संध्याकाळी फडताळावरचं चित्र आपोआप हललं. स्वच्छ, एकदम झकास. रिकामी बाज आणि दारातून येणारा पाऊस. मी फोन उचलला आणि पिठाच्या डब्यात खुपसला.

सासरे आता घरातच असतात, पुढच्या खोलीत खाटेवर. खुबा जुळला नाही, उभं राहवत नाही. गुरं विकली. आवाजाला त्यांच्या काही झालेलं नाही, मोकळा आहे, गोठ्यावरून घरी पोचायचा तोच आवाज आहे. पण पाणी हवं असलं, कुशीवर वळायचं असलं, काहीही असलं तरी ते हाक मारत नाहीत. "अहो, हाक मारा ना, आमी इथंच हाव," सासूबाई रडून सांगतात. ते ऐकून घेतात. आणि पुढच्या वेळी पुन्हा नुसता हात वर करतात आणि कोण बघतंय ते बघत पडून राहतात.

त्या खोलीकडे पाठ करून बसायची आता आमच्यापैकी कुणाची हिंमत होत नाही.