डोळ्यातली फांदी

शेवंतीचं माहेर शहाडकडचं, नदीकाठचं, गोड्या पाण्याचं. सासर मिळालं ते ठाण्याच्या खाडीलगत, मिठागरात राबणाऱ्या घरात. पहिल्या उन्हाळ्यात मिठाने तिच्या टाचा फुटल्या, रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं. पण बाई जिद्दीची. काही वर्षांत अशी वेळ आली की खालचा चिखल न ढवळता पांढरंशुभ्र मीठ ओढावं तर शेवंतीनेच, असं आगराचा मुकादमही म्हणू लागला.

नव्वद सालच्या एप्रिलात तिचा डावा डोळा लाल झाला. आधी कुसळ गेल्यासारखं टोचायचं, मग उजेडच सोसेना. नवरा गोमाजी बोलायला कमी, पण बायकोवर जीव. त्याला मागे डोळे आले होते तेव्हा दुकानातून आणलेल्या थेंबांनी चटकन गुण आला होता. त्याने तीच बाटली आणली. दोन दिवसांत लाली गेली आणि गोमाजी खूश झाला. पुढच्या आठवड्यात मात्र डाव्या डोळ्यापुढे धुकं उतरलं. समोरचं माणूस ओळखू येईना, तेव्हा तो तिला घेऊन टेंभी नाक्याच्या डॉक्टर सरोज गुप्ते यांच्याकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा रंग घातला आणि निळ्या दिव्यात बराच वेळ पाहिलं.

"शेवंतीबाई, बुबुळावर फांदी उमटलीय. फाट्यांना फाटे फुटलेली. हा हर्पीसचा विषाणू. डोळ्यात काही घातलं होतं का?"

गोमाजीने खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"याने लाली जाते," डॉक्टर म्हणाल्या, "पण शरीराचा पहाराही उठतो. विषाणूला रान मोकळं मिळतं. तुम्हाला कुठून ठाऊक असणार? आता नवीन मलम आलंय, ते देते."

"त्या मलमानं काय व्हतं, बाई?" शेवंतीने विचारलं. डोळा तिचा होता. तिला कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हा विषाणू डोळ्याच्या पेशीत शिरतो आणि स्वतःच्या नकला काढत सुटतो. त्यासाठी त्याच्याजवळ एन्झाइमं असतात, त्याचे कामगारच म्हणा. एक कच्चा माल तयार करतो, दुसरा तो माल एकापुढे एक जोडत नक्कल पुरी करतो. हे औषध दिसायला त्या मालासारखंच. पहिला फसतो आणि ते तयार करायला घेतो. दुसरा ते जोडतो, आणि मग पुढचा तुकडा अडकवायला जागाच उरत नाही. काम तिथंच बंद."

"आन् माज्या डोल्याचं काम?"

"तुमच्या चांगल्या पेशींत तो पहिला कामगार नसतोच. तिथे औषध नुसतं पडून राहतं."

"म्हंजे त्यो मेला."

"नाही हो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "जो नकला काढतोय तो थांबेल. पण काही न करता मज्जातंतूत झोपून राहिलेल्याला हे औषध धरू शकत नाही. तो जन्माचा पाहुणा."

"मंग त्याला उठवतं कोन?"

"ताप, दमणूक, कडक ऊन. काम काय करता तुम्ही?"

शेवंतीने गोमाजीकडे पाहिलं. "मीठ ओढते, बाई."

डॉक्टरांनी पुन्हा तिच्या डोळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, काम सोडता आलं तर बघा. नाही तर डोळ्यावर गडद गॉगल आणि डोक्यावर सावली, एक दिवसही चुकवायचं नाही.

मलमाने डोळा निवळला. बुबुळावर धुरकट डाग तेवढा राहिला. काम सोडायचा विषय घरात निघाला नि तिथेच संपला. दुसरं काम येत कुणाला होतं? गोमाजीने जांभळी नाक्यावरून गॉगल आणला, मोठ्या भिंगांचा, सोनेरी काड्यांचा. पदर खोचलेली, डोक्यावर टोपली घेतलेली शेवंती तो घालून बांधावर आली आणि अख्खं आगर हसलं.

"आली गो हिरोईन!" शेजारची ठमाबाई ओरडली. "शूटिंग कुटं हाय आज?"

शेवंतीने गॉगल काढून कमरेला खोचला. दिवसभर चकाकत्या मिठाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि संध्याकाळी डोळ्याला धार लागली. गोमाजीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आगरात उतरला तो स्वतःही तसाच दुसरा गॉगल घालून. त्याच्या रुंद तोंडावर तो इतका तोकडा की काड्या कानांपर्यंत पोचत नव्हत्या. सुतळीने मागे बांधला होता. त्या दिवशी हसून हसून बायका बांधावर बसल्या. गोमाजी मात्र मान खाली घालून मीठ ओढत राहिला. शेवंतीने कमरेचा गॉगल काढला, पदराला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. चार दिवसांनी हसायला कुणाला फुरसत उरली नाही.

दुखणं तरीही मधूनच उलटायचं. टोचायला लागलं की शेवंती त्याच दिवशी टेंभी नाका गाठायची.

सहा वर्षांनी सून शकू कल्याणला माहेरी बाळंत झाली. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा शेवंतीला नुकताच ताप येऊन गेला होता आणि डोळा टोचत होता. ती आधी डॉक्टरांकडे गेली. फांदी पुन्हा उमटली होती.

"इतक्या लहान जीवाला हा विषाणू झेपत नाही, जिवावर बेतू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत बाळाला हात लावू नका. मुका तर नाहीच."

तरी ती कल्याणला गेली. न जाऊन कसं चालेल? विहीण हौसाबाईंनी बाळ पुढे केलं. शेवंती उंबऱ्याशीच थांबली, दोन्ही हात पाठीमागे.

"मी नाय घेत आथा."

हौसाबाईंचा चेहरा पडला. खाटेवरून शकूने विचारलं, "मुलगी झाली म्हणून का, आई?"

ते शेवंतीच्या काळजात घुसलं. ती उंबऱ्यातच खाली बसली, गॉगल काढला आणि लाल डोळा दाखवला. "माज्या डोल्यातलं तिला झालं तं तिच्या जिवावर येल, बाय. म्हनून. पोरगी तं मना पायजेच व्हती."

शकूने डोळे पुसले. मग दुपटं सोडून तिने बाळाला दाराकडे वळवलं. "तिथूनच बघा, आई. पाय तुमच्यावर गेलेत." शेवंतीने मान तिरकी केली आणि चांगल्या डोळ्याने ते पाय पोटभर पाहिले.

पुढचे दिवस तिने मलमाची एकही वेळ चुकवली नाही. अखेर निळ्या दिव्यात फांदी कुठेच दिसली नाही. डॉक्टर "जा आता" म्हणाल्या, तशी ती घरी न जाता थेट कल्याणला गेली. कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले आणि नातीला मांडीवर घेतलं. मग तिला खाली ठेवायचं नावच नाही. शेवटी हौसाबाईंनाच म्हणावं लागलं, "अहो विहीणबाई, भूक लागलीय तिला. द्या आता."