न्हाणीतला हत्ती

टांगा हाकणाऱ्याकडं दोन गोष्टी आपोआप साठत जातात, पाठदुखी आणि किस्से. पाठीला तेल तरी चोळता येतं. किश्श्यांचं काय करावं? त्यातून आमचं गाव जुनं, किल्ल्याचं. बाहेरचे लोक म्हणतात, नशीबवान आहात, बादशहाच्या गावात राहता! मी मान खाली घालतो. त्या किल्ल्यासोबत आम्ही कसे राहिलो, ते मला ठाऊक आहे.

वेशीत आम्ही तिघं बसायचो. तुरीचा व्यापारी मल्लप्पा, किल्ल्याचा पहारेकरी बाबूमियां आणि मी.

*

निजामाचं राज्य होतं तेव्हा. हैदराबादहून एक साहेब किल्ला बघायला आले, माझ्याच टांग्यातनं. वेशीत उतरून त्यांनी विचारलं, हा किल्ला कुणी बांधला? मल्लप्पानं एका राजाचं नाव घेतलं, बाबूमियांनं एका सुलतानाचं. दोघांची तिथंच जुंपली. साहेब वैतागून माझ्याकडं वळले. मला ना वाचता येतं ना लिहिता. म्हणालो, "साहेब, आमी जलमलो तवा हुताच."

साहेबांनी पुन्हा कुणाला काही विचारलं नाही.

*

पण तोफ बघायला ते बुरुजावर चढले आणि आम्ही तिघं मागनं धावलो. तोफेच्या तोंडात बाबूमियांची कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. साहेबांनी वाकून आत डोकावलं. कोंबडी जी झेपावली ती त्यांच्या तोंडावर! तुर्की टोपी उडून थेट खंदकात.

बाबूमियां सलाम ठोकून उभा राहिला. "हुजूर, तोप भरेली थी."

साहेब हसले नाहीत. टोपी मीच खंदकात उतरून आणली. चिखलानं माखलेली ती टोपी त्यांनी स्टेशनापर्यंत मांडीवर धरली होती. त्या वाटेवर मी घोड्याशीसुद्धा बोललो नाही.

*

कोंबडीचं एक वेळ ठीक. दगडांचं काय सांगू? कुणाला पायरी लागली, उंबरा लागला, की तो किल्ल्यावर जायचा. माझ्या घोड्याचा हौद तिथलाच. पहारा देणाऱ्या बाबूमियांच्या चुलीचे दगडही तिथलेच! मल्लप्पाच्या न्हाणीत तर हत्ती होता. म्हणजे अर्धा. किल्ल्यातल्या रंगमहालाच्या भिंतीवर दगडी हत्तींची ओळ आहे. त्यातल्या शेवटच्या हत्तीचं मागलं अंग मल्लप्पाच्या आज्यानं काढून आणलेलं. सगळं घर त्यावर उभं राहून आंघोळ करायचं.

मल्लप्पाची पोरगी गौरा. तिला बघायला निंबर्ग्याचे पाहुणे आले, पाय धुवायला न्हाणीत गेले आणि दगडावरचं शेपूट बघून तसेच बाहेर आले. मुलाचा मामा ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "बादशाचं घर फोडून आणणारी मान्सं. आमच्या घराचं काय शिल्लक ठेवतील?" पान-सुपारीही न घेता गेले.

गौरा दाराआडच उभी होती. त्या दिवसापासून ती पाण्याला वेशीतनं जाईना. मागच्या वाटेनं, लांबून जायची. आम्ही तिघं वेशीत बसायचो आणि त्या रिकाम्या वाटेकडं बघायचो.

*

मग गुलबर्ग्याचं स्थळ आलं. मल्लप्पा सकाळीच माझ्याकडं आला. "मारुतीअण्णा, ह्या बारीला न्हाणीत कुणी जायला न्हाई पायजे."

पाय धुवायचं पाणी ओसरीवरच ठेवलं. हत्तीवर पोतं टाकलं. गौराची आई तूर निवडायचं सूप घेऊन न्हाणीच्या दारातच बसली. पाहुणे आले, जेवले, मुलगी बघितली. मुलाचा आजा मोठा करारी. होय म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी म्हणाला काय, तर किल्ला दाखवा!

नाही कसं म्हणायचं? नेला. रंगमहालापुढं म्हातारा थांबला. शेवटच्या हत्तीची सोंड, दात, पुढले पाय, आणि मग नुसतं भगदाड.

"ह्येचं मागलं अंग कुठं गेलं?"

बाबूमियां आभाळाकडं बघायला लागला. मल्लप्पा आपल्या जोड्यांकडं. मी म्हणालो, "ऊन लई हाय, अप्पा. चला."

घरी आलो तर ओसरीवरचं पाणी संपलेलं आणि सगळ्यांचे पाय धुळीनं भरलेले. कुणी काही बोलायच्या आत म्हातारा सरळ आत गेला. गौराच्या आईनं पदर सावरला, सूप उचललं, वाट दिली. ती तरी काय करणार?

पाणी पडल्याचा आवाज आला. मग थांबला. मल्लप्पानं डोळे मिटून घेतले. दाराआड गौराच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

म्हातारा हत्तीवरच्या त्या पोत्यालाच पाय पुसत बाहेर आला आणि मल्लप्पासमोर बसला. पानाला सावकाश चुना लावला.

"पोरीला सांगून ठेवा," तो म्हणाला. "आमच्या न्हाणीत मोर हाय, आख्खा. झिजून लई गुळगुळीत झालाय. पाय जपून टाकावा लागतंय."