मी सतरंजी धुतली नाही

"ऊठ. आणि ही सतरंजी धुऊन आण."

शेठाणी हे मला म्हणाल्या तेव्हा मी त्या सतरंजीवर उताणी पडले होते. डोळे मिटलेले, हातपाय सैल. आजारी नसताना, बाळंतीण नसताना, दिवसाउजेडी मी आयुष्यात पहिल्यांदा पाठ टेकली होती. तीसुद्धा गुरुजींनी सांगितलं म्हणून.

मी उठले. बारा बायका बघत होत्या. एकीने आपली सतरंजी पायाने हळूच मागे ओढली.

गंमत बघा. त्या सतरंज्या रोज मीच अंथरायचे. बाराच्या बारा. मीच झटकायचे, मीच गुंडाळून ठेवायचे. माझे हात लागलेली सतरंजी चालायची, माझी पाठ लागलेली बाटायची. राबलं तर विटाळ नाही, टेकलं तर विटाळ. हे शास्त्र कोणी लिहिलं देव जाणे, पण लिहिणारा कधी झाडायला वाकला नसणार.

ही धुळ्यातली गोष्ट. सत्तर साल अजून उजाडायचं होतं. धर्मशाळेच्या हॉलमध्ये सकाळी बायकांचा योगासनांचा वर्ग भरायचा. धर्मशाळा शेठांची, म्हणून वर्गात शब्द शेठाणींचा. शिकवायला एक पेन्शनीतले मास्तर यायचे, त्यांना सगळ्या गुरुजी म्हणायच्या. मी झाडायला. पाण्याचा माठ भरायला मात्र दुसरी बाई ठेवलेली. का, ते मी कधी विचारलं नाही, मला माहीत होतं. आम्ही धर्म बदलला होता, पण राहात होतो त्याच वस्तीत.

झाडलोट आटोपली की मी जीनमध्ये जायचे. कापसातून सरकी काढायचा कारखाना तो, दुसऱ्या एका शेठचा. माय आणि मी एकाच यंत्रावर कापूस घालायचो. आत कापसाचं तूस इतकं उडायचं की समोरचीचं तोंड धूसर दिसायचं. मायने तिथे अर्धं आयुष्य काढलं होतं. तिला दम लागायचा. चार पावलं चालली की थांबायची, भिंत धरायची. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून बसूनच डुलकी काढायची. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, धुळीत जाऊ नका. आता जीनच्या बाईने धुळीत जायचं नाही तर कुठे जायचं?

आणि इकडे हॉलमध्ये गुरुजी रोज बायकांना श्वास शिकवायचे.

मी दाराआड फडकं घेऊन बसायचे आणि ऐकायचे. "सावकाश घ्या. त्याहून सावकाश सोडा." नुसतं श्वास घेण्यासाठी ज्यांना सकाळचा एक तास मिळतो अशा बायका मी तिथे पहिल्यांदा पाहिल्या. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? मला त्यांच्या लुगड्यांचा हेवा नव्हता, बांगड्यांचाही नव्हता. त्यांच्या सरळ पाठींचा होता. त्यांच्या कंटाळ्याचा होता. शेठाणी मधेच जांभई द्यायच्या, "आज नको वाटतं गुरुजी," म्हणायच्या, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, तुम्हाला नकोय ना, मग माझ्या मायला द्या. जे तुम्ही जांभईवर उडवता त्यासाठी ती भिंत धरून उभी असते.

त्या दिवशी गुरुजी उकिडवं बसायला शिकवत होते. टाचा जमिनीला टेकवून. एकीलाही जमेना. शेठाणी तर एका बाजूला कलंडल्या. गुरुजींचं लक्ष दाराकडे गेलं. मी तशीच बसून उंबरा पुसत होते.

"ती बघा, ती कशी बसलीय. टाच उचललीय का? ये गं, आत ये."

मी आत गेले. मधल्या मोकळ्या फरशीवर बसले. गुरुजींनी माझ्या पाठीकडे बोट दाखवलं, गुडघ्यांकडे दाखवलं. म्हणाले, "आता श्वास." महिनाभर दाराआड जे घोकलं होतं ते मी करून दाखवलं. गुरुजी खूश झाले. त्या खुशीत त्यांचं भान सुटलं. "वा! आता शवासन. हो आडवी," म्हणाले, आणि हाताने जवळची सतरंजी दाखवली.

मी पडले. छातीत हवा गेली, पोटापर्यंत गेली. मला वाटलं, हीच वेळ आहे. डोळे मिटूनच मी विचारलं, "गुरुजी, माझी माय जीनमध्ये आहे. तिला फार दम लागतो. तिला आणू का? दाराबाहेर बसेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

गुरुजी म्हणाले, "बाई, योगाला आधी शुद्धी लागते. आहार, आचार. तुमच्याकडे ते कुठून येणार?"

त्यानंतर शेठाणींचा तो आवाज. ऊठ आणि धुऊन आण. गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. मला निजवलं होतं ते त्यांनीच. मला शेठाणींपेक्षा त्यांचाच राग जास्त आला.

सतरंजी खांद्यावर टाकून मी पांझरा नदीवर आले. पाणी होतं, दगड होता. मी सतरंजी दगडावर टाकली, तिथल्या एकीचं धोपाटणं उचललं, आणि हात थांबला. मी काय धुणार होते? माझ्या पाठीला काय लागलं होतं? घाम. तो तर शेठाणींनाही सुटतो. मग मी माझा घाम माझ्याच हाताने घाण ठरवणार होते. ही सतरंजी एकदा धुतली असती तर पुढे जन्मभर धूत बसले असते.

मी ती सतरंजी वाळूवर पसरली आणि परत तिच्यावर पडले. धुणं धुणाऱ्या बाया बघायला लागल्या. एक म्हणाली, "येडी व्हयनी का काय?"  गुरुजींनी अर्धवट सोडलेलं शवासन मी पुरं केलं. मग सतरंजी गुंडाळून हॉलवर गेले.

शेठाणी दारातच होत्या. "धुतलीस?"

"नाही. तिच्यावर झोपून आले. ज्याला घाण वाटते त्याने धुवावी."

एवढंच बोलले. सतरंजी उंबऱ्यावर ठेवली आणि निघाले. मागून त्या काय काय बोलल्या, ते माझ्या कानावर पडलं पण मी वळले नाही.  झाडायचं काम गेलं होतं, पण काळजी वाटण्याऐवजी मला भूक लागली, हे मला आजही आठवतं.

मग मी मायला बसवलं. आमच्या झोपडीपुढे, फाटक्या बारदानावर. ती आधी तयारच होईना.

"हाई बठ्ठं शेठ लोकेसनं शे. आपलं काय काम?"

"माय, तू बस. हळू सोड दम. घाई नको करू."

चार दिवस ती लाजत होती. पाचव्या दिवशी तिला थोडं जमलं. खांदे खाली आले. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हाई इतलं सोपं शे? मंग इतला दिन काबरं लपाडं?"

का लपवलं? ते त्या बारा जणींना विचारायला हवं होतं.

आता माझी चूक सांगते. ती कुणी माझ्या माथी मारलेली नाही, माझीच आहे. मला गर्व झाला. शेठाणींना जे मिळतं ते सगळं मायला द्यायचं, तसंच्या तसं, एक श्वास कमी नको. म्हणून मी तिला यंत्रावरसुद्धा करायला लावलं. "माय, लांब दम घे." आणि ती घ्यायची. लेक सांगते म्हणून छाती भरून घ्यायची. हॉलमध्ये लांब श्वास घेतला की हवा आत जाते. जीनमध्ये लांब श्वास घेतला की तूस आत जातं. हे मला तेव्हा कळलं नाही. हेव्याने आंधळी झाले होते. मला आसनं दिसली, त्या हॉलच्या सहा उघड्या खिडक्या दिसल्या नाहीत. मायचा खोकला वाढला. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती पुढचा हंगाम बघायला राहिली नाही.

योगाने छातीतलं तूस निघत नाही. हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. पण माय थोडे दिवस का होईना, खांदे सैल सोडून बसली होती, तेही मी विसरणार नाही.

पुढच्या हंगामात मी जीनमधल्या बायांना जेवणाच्या सुट्टीत बाहेर आवारात बसवायला लागले. आधी तिघी, मग पाच, मग अठरा. कुणाच्या कमरा धरलेल्या, कुणाच्या माना. कुणी कुणाची जात विचारली नाही, सगळ्यांचा खोकला एकच होता. एक दिवस एक म्हातारी आधी आवाराकडे, मग आत यंत्रांकडे बोट दाखवत मला म्हणाली, "आठे तू दम सोडाले सांगस, आनि मधमा जाईसन परत तेच तूस गिळानं का?"

मायने विचारायला हवं होतं ते तिने विचारलं.

जीनच्या खिडक्या हंगामभर खिळे ठोकून बंद असायच्या. वाऱ्याने रुई उडू नये म्हणून. रुई जपली जात होती, आम्ही नाही.

त्या दुपारी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. मी म्हटलं, "कुणी उठू नका." कुणी उठलं नाही. मुकादम धावत आला.

"उठा बठ्ठ्याजणी! भोंगा व्हयना ना? हाई काय नाटक शे?"

 मी बसूनच बोलले.

"भाऊ, खिडक्यांचे खिळे काढा. मंग आम्ही उठसूत."

"आनि नही काढात तर?"

"तर शेठले सांगा, यंत्रावर तुम्हीच बसा."

तो शेठला बोलवायला गेला. बाया माझ्याकडे बघायला लागल्या. दोघी रडवेल्या झाल्या होत्या. मी त्यांना धीर दिला नाही, माझ्याकडेच तो नव्हता. मला हॉलमधल्या त्या बारा पाठी दिसत होत्या, सरळ, सैल, कंटाळलेल्या. माझा हेवा तसाच होता, तसूभर कमी झाला नव्हता. आता मला तो कमी व्हायला नकोच होता. जे त्यांना फुकट मिळालं ते आमच्या एकेकीला मिळेपर्यंत मी जळत राहणार होते, आणि कुणाला निवांत बसू देणार नव्हते.

फाटकातून शेठ येताना दिसला. मी बायांना म्हटलं, "पाठी ताठ करा."